खांद्याची कंडरा

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९९८ सालीं अकोल्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा आजहि मुख्यतः शेतकऱ्यांचा आहे. आणि राबणाऱ्या हातांचें खांदेदुखीशीं नातें फार जुनें आहे. सुश्रुतसंहितेंत सोळा कंडरा मोजल्या आहेत. खांद्यांतील वायु तेथील बंध सुकवून हात जखडून टाकतो, त्या विकारास तींत ‘अवबाहुक’ म्हटलें आहे.

पुढें १८३४ सालीं लंडनच्या स्मिथ यांनीं शवविच्छेदनांत आढळलेल्या तुटक्या कंडरांचें वर्णन केलें. बोस्टनच्या कॉडमन यांनीं १९०९ सालीं अशी कंडरा शिवली आणि १९३४ सालीं खांद्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

खांद्याची उखळी उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा तींत धरून ठेवण्याचें काम चार स्नायूंच्या कंडरा करितात. वयाबरोबर त्या झिजतात आणि एखाद्या हिसक्यानें फाटतात. हात फार दिवस गळ्यांत बांधून ठेविल्यास सांधा आखडतो. म्हणून आधीं थोडी विश्रांति, मग बेताबेतानें वाढता व्यायाम, हाच राजमार्ग. पुष्कळांस शस्त्रक्रिया लागत नाहीं. मात्र पडल्यावर हात उचलतांच येईना, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्यें लंडनला शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरांत क्वालालंपूरला त्यांनीं नाबाद १४१ धावा काढल्या. मधले महिने धीराचे होते. पेरणी ज्याच्यासाठीं थांबत नाहीं, त्या शेतकऱ्यास ते महिने मिळवून देणें हें घरच्यांच्या हातीं असतें. औषधाइतकेंच तेंहि मोलाचें आहे.