मैदान, वर्ग आणि पाण्याचे भांडे

खेळाडूने पुढे प्राध्यापक व्हावे, याचे आपल्याला कौतुक वाटते. शरीराचे कष्ट आणि बुद्धीचे कष्ट ही दोन वेगळी कुळे आहेत, असे आपण मनोमन धरून चाललेलो असतो. म्हणून एका कुळातून दुसऱ्या कुळात गेलेला माणूस अपवाद ठरतो. डेन्मार्कचा हाराल्ड बोर हे याचे नेहमीचे उदाहरण. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या फुटबॉल संघात तो होता. १९१० साली त्याने गणितातला प्रबंध मांडला, तेव्हा सभागृहात गणितज्ञांपेक्षा फुटबॉलवेड्यांचीच गर्दी अधिक होती, असे सांगतात. किस्सा गोड आहे. परंतु एका माणसाच्या प्रतिभेपाशी तो संपतो. मैदानातून वर्गाकडे जाणारी वाट कोणासाठी खुली होती, हा प्रश्न त्यातून उभा राहत नाही. आपल्याकडे मात्र तो टाळता येत नाही.

१९११ हे एकच साल घेऊ. २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अनवाणी खेळणाऱ्या त्या संघात बूट घातलेला एकच खेळाडू होता, सुधीर चटर्जी. ते भवानीपूरच्या मिशनरी महाविद्यालयात शिकवत असत. त्याच वर्षी पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात पाळवणकर बाळू यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. आणि त्याच वर्षी पुण्याचा एक एकोणीस वर्षांचा तरुण, दिनकर बळवंत देवधर, प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरला.

देवधर पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि महाराष्ट्र त्यांना अखेरपर्यंत 'प्रोफेसर देवधर' म्हणूनच ओळखत राहिला. त्यांची कामगिरी थक्क करणारी आहे. १९२६ साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. यांपैकी दुसऱ्या मोसमात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. पन्नाशी उलटल्यावर १९४४ साली एकाच सामन्यात त्यांनी दोन शतके झळकावली. १९९३ साली वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले.

या दीर्घ खेळीमागे गुण होते, शिस्त होती, यात शंका नाही. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: महाविद्यालयातली नोकरी. त्या काळात क्रिकेट हौशी होते. खेळून पैसे मिळवणे हे प्रतिष्ठित घरांत कमीपणाचे मानले जाई. तेव्हा हौस टिकवायची तर पोट अन्यत्र भरावे लागे, आणि वेळही हाताशी असावा लागे. संस्थानिकांना दोन्ही आपोआप मिळत. मध्यमवर्गीयाला ते देऊ शकेल अशा मोजक्या जागांत प्राध्यापकाची जागा होती: ठरलेला पगार, लांब सुट्ट्या आणि समाजात मान. म्हणजे खेळ संपल्यावर देवधर विद्याक्षेत्रात गेले नाहीत. विद्याक्षेत्राने त्यांचा खेळ इतकी वर्षे तोलून धरला.

आता पाळवणकर बाळूंकडे पाहावे. चांभार समाजात जन्मलेला हा गोलंदाज पुण्यात क्रिकेटशी जोडला गेला तो मैदानाची निगा राखणारा मजूर म्हणून. युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर तो खेळपट्टी झाडी, जाळी ठोकी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. आजच्या अर्थाने पाहू गेल्यास आपल्या पहिल्या व्यावसायिक खेळाडूंत त्याची गणना करावी लागेल. परंतु ज्याला हौशी राहणे परवडतच नव्हते, त्याच्या वाट्याला आलेले हे व्यावसायिकपण होते. पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले, कारण जिंकायचे होते. चेंडू हाताळताना विटाळ होत नसे. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे मुंबईत आल्यावर रेल्वेच्या नोकरीने त्याला आधार दिला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात त्याचा वाटा मोठा होता. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही.

या दोन चरित्रांची गाठ १९२० साली पडली. चौरंगी सामन्यांत हिंदूंचे कर्णधार पै आजारी पडले आणि निवड समितीने देवधरांना पुढे केले. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपल्यावर झालेल्या अन्यायामागे जात आहे, हे उघडपणे सांगितले. यात देवधरांना खलपुरुष ठरवण्याचे कारण नाही. प्रश्न निवडीच्या निकषांचा होता. खेळातली ज्येष्ठता एका बाजूला, जन्म आणि शिक्षणाने आलेली प्रतिष्ठा दुसऱ्या बाजूला. दुसरे पारडे जड ठरले. १९२३ साली अखेर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांनीच १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र लिहिले. दलित आत्मकथनांची चर्चा आपल्या वर्गांतून सहसा साठोत्तरी काळापासून सुरू होते. त्याआधीच्या या पुस्तकाला त्या चर्चेत जागा का मिळत नाही, याचा विचार मराठीच्या अभ्यासकांनी करायला हवा.

'बाळूंना शिक्षण मिळाले असते तर?' असा प्रश्न येथे सुचतो. त्याचे अर्धे उत्तर इतिहासाने दिले आहे. ज्यांना ते मिळाले असे डॉ. आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास सहकाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली. मैदानावरचे मातीचे भांडे आणि महाविद्यालयातले पाण्याचे भांडे यांत अंतर किती होते? वर्गाचे दार उघडले, तरी पाण्याचा प्रश्न आतही उभाच होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत आंबेडकर आणि बाळू मुंबईत एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि आंबेडकर विजयी झाले. राजकीय मार्ग भिन्न होते. दोघांच्या वाट्याला आलेला अनुभव मात्र एकाच जातीचा, असे म्हटले तर शब्दश्लेष होईल, पण खोटे ठरणार नाही.

पेण आणि रोह्याच्या वाचकांना ही गोष्ट पुण्या-मुंबईची वाटू नये. पाण्याचा हा प्रश्न ऐरणीवर आला तो तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातच, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर. त्याच महाड तालुक्यातल्या नाते येथे जन्मलेले आणि रोह्याशी घरोबा असलेले चिंतामणराव देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एकाच जिल्ह्याच्या मातीतून विद्येची सर्वोच्च पदे निघाली आणि पाण्याच्या ओंजळीसाठीचा लढाही निघाला. इतिहास शिकवताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत ठेवण्याची आपल्याला सवय आहे.

आज या भागात फुटबॉल-क्रिकेटपेक्षा कबड्डीचे वेड मोठे आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून या खेळातही पैसा आणि लिलाव आले. 'व्यावसायिक' हा शब्द आता अभिमानाने उच्चारला जातो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु चढाई करणाऱ्या मुलाचे गुडघे तिशीत थकतात आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे उरतात. महाविद्यालयाला करंडक मिळवून देणारा हा मुलगा हजेरीपटावर असतो, वर्गात क्वचित असतो आणि परीक्षेला 'क्रीडागुणां'चा धनी असतो. त्याने कधी प्रबंध लिहावा, आपल्या खेळाचा, आपल्या गावाचा इतिहास मांडावा, अशी अपेक्षा आपण त्याच्याकडून करतो का? चेंडू चालतो पण भांडे वेगळे, हा जुना व्यवहार होता. करंडक चालतो पण पुस्तक त्याच्यासाठी नाही, हा नवा व्यवहार होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी शिकवणाऱ्यांची आहे.