कोनशिला, स्मरणिका आणि शाळेची बस

खानदेशातील एखाद्या जुन्या शाळेत किंवा महाविद्यालयात पाऊल टाकले की बहुधा प्रथम दृष्टीस पडते ती कोनशिला. तिच्यावर दात्याचे नाव कोरलेले असते, क्वचित त्याच्या मातापित्यांचेही असते. शेकडो मुले रोज तिच्यासमोरून जातात आणि सहसा कुणी ती वाचत नाही. तरीही ती तेथे असते. ही वास्तू कुणाच्या तरी घामातून आणि कुणाच्या तरी थैलीतून उभी राहिली आहे, एवढेच तिला सांगायचे असते.

आता कोनशिलेच्या जोडीला एक नवी जागा पुढे येत आहे, ती म्हणजे शाळेची बस. गाडीच्या दोन्ही बाजू आणि पाठ एखाद्या सराफी पेढीला, ठिबक संचाच्या विक्रेत्याला किंवा खाजगी शिकवणीवर्गाला भाड्याने द्यावी आणि त्या उत्पन्नातून गरीब मुलांची फी व वह्यापुस्तके भागवावीत, अशी ही कल्पना आहे. ती ऐकताच नाक मुरडणे सोपे आहे. परंतु ज्या शाळेला महिनाअखेर डिझेलचे बिल चुकते करण्याची विवंचना असते, तिच्या चालकांना असे नाक मुरडणे परवडत नाही. शाळेला पैसा कोठून मिळाला आणि त्या पैशाने शाळेकडे बदल्यात काय मागितले, हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. म्हणून उत्तराची घाई न करता आम्ही प्रथम मागे वळून पाहतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १९०६ मध्ये या विस्तीर्ण जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग पडले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या भूमीतील सामान्य मुलाच्या शाळेला पहिला पैसा दिला तो कुणा धनिकाने नव्हे, तर शेतकऱ्याने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक पट्टी बसविण्यात आली आणि तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखण्यात आला. कपाशी पिकविणारा कुणबी अक्षरशत्रू राहिला, पण त्याच्या आण्यावर शाळा चालू लागल्या. त्याचे नाव कोणत्याही शिळेवर नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी हीच व्यथा मांडली होती. कर रयतेने भरावा आणि विद्येचा लाभ मात्र वरच्या वर्गांनी घ्यावा, हा कोणता न्याय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

दुसरा मार्ग सरकारी अनुदानाचा. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले आणि मिशनऱ्यांच्या शाळांनाही त्याचा आधार मिळाला. परंतु हा पैसाही अट घेऊनच आला. मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजण्याची पद्धत रूढ झाली. निरीक्षक यावा, मुलांची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्णांच्या संख्येवर रक्कम ठरावी. अशा व्यवस्थेत शिक्षकाचा ओढा घोकंपट्टीकडे गेला, यात नवल नाही. ही बाब आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण शाळेत शिरलेला व्यापार तेवढा दूषित आणि सरकारी पैसा मात्र निर्मळ, असा एक भाबडा समज आपल्यात आहे. पैसा कुणाचाही असो, तो शाळेला थोडेफार आपल्या बाजूला झुकवतोच. किती झुकवतो आणि कोणत्या दिशेने, हे पाहणे चालकांचे कर्तव्य ठरते.

तिसरा मार्ग दात्यांचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या मातीतील कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे या प्रदेशातून पुढे गेली. भुसावळ हे तिचे मोठे ठाणे झाले आणि जळगाव कापसाची पेठ म्हणून नावारूपास आले. पुढे गिरण्या निघाल्या. त्या गिरण्यांच्या नफ्यातील काही वाटा विद्येकडे वळला. अमळनेरचे मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ हे या परंपरेचे ठळक उदाहरण. प्रताप हायस्कूल, १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आणि १९४५ मधील प्रताप महाविद्यालय यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाचा दिवस चाले, त्या गावी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाचे पीठ उभे राहावे, ही घटना सामान्य नव्हे. त्याच १९४५ साली जळगावातही महाविद्यालय सुरू झाले आणि तेथील खानदेश मिलशी निगडित असलेल्या मूळजी जेठा या घराण्याचे नाव त्याला लाभले.

या दानाची आरती ओवाळताना एक गोष्ट विसरता कामा नये. तो नफा मजुरांच्या श्रमातून आला होता आणि मजुरांची नावे शिळेवर कोरली गेली नाहीत. तथापि या दानाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९२४ मध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण शिक्षक प्रताप हायस्कूलमध्ये रुजू झाले. वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वहस्ते लिहून एक दैनिक काढीत. त्याला ना किंमत होती ना जाहिरात. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले आणि पुढे याच खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगार यांच्या बाजूने उभे राहिले. गिरणीमालकाच्या नावाच्या शाळेत ज्यांनी सहा वर्षे शिकविले, त्या साने गुरुजींची वाणी त्या नावाने बांधली गेली नाही. दात्याचे नाव भिंतीवर राहिले. वर्गात काय बोलावे, हे ते नाव ठरवू शकले नाही. चांगल्या देणगीची हीच कसोटी आहे, असे आम्हांस वाटते.

चौथा मार्ग आपल्या सर्वांच्या परिचयाचा, तो स्मरणिकेचा. शाळेचा रौप्यमहोत्सव असो वा चर्चचा जीर्णोद्धार, स्मरणिका निघते. तीत महागुरुस्वामींचा संदेश असतो, जुनी छायाचित्रे असतात आणि निम्मी पाने किराणा दुकानदार, मंडपवाले, सराफ व डॉक्टर यांच्या ‘हार्दिक शुभेच्छां’नी भरलेली असतात. आपल्या नियतकालिकांचे नाताळ विशेषांकदेखील बऱ्याच अंशी अशाच आधारावर निघतात. तेव्हा जाहिरात म्हणजे पाप, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र स्मरणिका प्रौढांच्या हाती पडते. वाचक ती आपल्या इच्छेने उघडतो, नको असलेले पान उलटतो आणि मिटून कपाटात ठेवतो.

शाळेची बस मिटून ठेवता येत नाही. याच कारणासाठी तिचा इतिहासही थोडा पाहायला हवा. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांच्या पुढाकाराने एक परिषद भरली आणि शाळेच्या गाड्यांसाठी विशिष्ट पिवळा रंग निश्चित झाला. पहाटेच्या अंधूक प्रकाशातही गाडी दुरून दिसावी आणि तिच्यात मुले आहेत हे सर्वांस कळावे, हा त्यामागील हेतू. आपल्याकडे नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीजवळ वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून अनेक मुलांचा अंत झाला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने वाहतुकीसंबंधी आदेश दिले. त्यांत रस्त्याकडेचे, वाहनचालकांचे लक्ष विचलित करणारे धोकादायक जाहिरात फलक काढून टाकण्याचाही आदेश होता. पुढे २०११ मध्ये महाराष्ट्राने शाळेच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. सारांश, पिवळा रंग ही शोभा नव्हे. त्या गाडीने रस्त्याला एकच गोष्ट सांगायची असते, ती म्हणजे ‘सांभाळा, आत मुले आहेत.’ तिच्या पाठीवर दुसरा मजकूर आला, की हा पहिला मजकूर तेवढा फिका पडतो.

ज्यांनी हा मार्ग आधी चोखाळला, त्यांचा अनुभव काय? अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहराच्या एका शाळामंडळाने १९९३ मध्ये बसगाड्यांवर आणि शाळांच्या बोळांत जाहिरातींना जागा देण्यास आरंभ केला. पैशाची चणचण हेच कारण होते आणि ते खोटे नव्हते. १९९७ मध्ये त्याच मंडळाने कोका-कोलाशी दहा वर्षांचा करार केला. रक्कम ८० लाख डॉलरांहून अधिक होती, परंतु तिच्याशी पेयांच्या खपाची अट जोडलेली होती. खप कमी पडू लागला, तेव्हा १९९८ मध्ये मंडळाच्या एका अधिकाऱ्याने मुख्याध्यापकांना पत्र पाठवून, मुलांना वर्गात पेय नेऊ द्यावे आणि विक्रीची यंत्रे त्यांना सहज सापडतील अशा जागी ठेवावीत, असे सुचविले. गाडीच्या पत्र्यापासून निघालेली वाट पाच वर्षांत वर्गाच्या बाकापर्यंत पोहोचली. २०११ मध्ये न्यू जर्सी आणि यूटा या राज्यांनीही शाळेच्या बसवरील जाहिरातींना कायद्याने परवानगी दिली. म्हणजे ही ओढ थांबलेली नाही. गरज थांबलेली नाही म्हणून.

आपल्या देशाच्या करविषयक व्यवहारात या प्रश्नाचा एक उद्बोधक निवाडा सापडतो. धर्मादाय संस्थेच्या आवारात दात्याच्या नावाची पाटी लावली, तर तिच्यावर वस्तू व सेवा कर लागतो काय, असा प्रश्न निघाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय मंडळाने परिपत्रक काढून खुलासा केला. व्यक्तीने दिलेल्या देणगीबद्दल केवळ कृतज्ञता म्हणून नाव लिहिले असेल आणि त्यात तिच्या धंद्याचा प्रचार नसेल, तर कर नाही. मात्र देणगीच्या बदल्यात धंद्याची जाहिरात करण्याचे बंधन संस्थेवर येत असेल, तर ती सेवा ठरते आणि कर लागतो. मंदिरातील खोलीच्या दारावर वडिलांच्या स्मरणार्थ लिहिलेले नाव हे त्यातील एक उदाहरण होते. जी रेषा आपण धर्मशास्त्रात शोधतो, ती सरकारी कारकुनानेही ओळखली. कोनशिला म्हणते, ‘मी दिले.’ जाहिरात म्हणते, ‘तुम्ही घ्या.’

ख्रिस्तसभेची शिकवण याच दिशेने जाते. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क माध्यमविषयक परिषदेने फेब्रुवारी १९९७ मध्ये जाहिरातींच्या नीतिमत्तेविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याने जाहिरातींचा सरसकट निषेध केला नाही. त्यांचे लाभही मान्य केले. परंतु सत्य, मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि समाजाविषयीची जबाबदारी ही तीन मापे त्याने जाहिरातदारांच्या हाती दिली आणि बालकांच्या भोळेपणाचा लाभ उठविणाऱ्या जाहिरातींविषयी विशेष सावध केले. मूल शाळेवर विश्वास टाकते, ते शाळा विक्रेता नाही म्हणून. शाळेने आपल्या नावाशेजारी एखाद्या वस्तूचे नाव लिहिले, तर त्या विश्वासाचा थोडा अंश तिने त्या वस्तूला भाड्याने दिला. गाडीच्या बाहेरील मजकूर आतल्या मुलांना दिसत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो आम्हांस पटत नाही. मूल रोज ज्या गाडीत चढते, ती कुणाची आहे, हे त्याला चढतानाच दिसते.

तथापि नकार देणाऱ्यांनाही हिशेब द्यावा लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत पाड्यावरून शाळेपर्यंतचे अंतर ही अजूनही मुलींच्या शिक्षणातील मोठी अडचण आहे. २०११-१२ पासून मानव विकास कार्यक्रमाखाली एसटीच्या निळ्या गाड्या मुलींना मोफत नेऊ-आणू लागल्या, ते याच कारणाने. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि खानदेशाचा समावेश त्यात झाला. येथील आपली धर्मग्रामे विखुरलेली आहेत. जाहिरात नाकारल्यामुळे एखाद्या पवारा किंवा भिल्ल मुलीची गाडी बंद पडणार असेल, तर आपली तत्त्वनिष्ठा त्या मुलीच्या खर्चाने पोसलेली ठरेल. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची प्रभूने वाखाणणी केली. तिच्यामागे उभ्या असलेल्यांनी आपली थैली घट्ट धरावी, असे मात्र त्याने सांगितले नाही.

म्हणून आमचे मत असे. शाळेच्या बसवर शाळेचे नाव आणि मुलांच्या सुरक्षिततेचा मजकूर याखेरीज काही असू नये. गावातील व्यापाऱ्याकडे अवश्य जावे. त्याला पत्रा विकू नये, एका मुलीचे वर्षाचे भाडे मागावे. त्याचे नाव हवे तर शाळेच्या दालनातील फलकावर, साध्या अक्षरांत लिहावे. स्मरणिकेतील पाने प्रौढांसाठी खुली ठेवावीत. आणि हे सर्व करण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने रविवारच्या मिस्साबलिदानानंतर शिक्षण निधीची एक वेगळी पेटी ठेवून तिचा हिशेब दर महिन्याला दारावर लावावा. कुणब्याच्या आण्यावर एकेकाळी शाळा चालल्या. आपल्या नाण्यांवर एक गाडी चालू शकेल.

जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ मध्ये त्या वारल्या. १९९० मध्ये जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांनी त्या विद्यापीठाला एक रुपयाही दिला नव्हता आणि कोणत्याही भिंतीवर जागा मागितली नव्हती. आज त्यांच्या नावाची पदवी हाती घेऊन शेतकऱ्यांच्या मुली घरी जातात.