जुन्या आलिशान मोटारी उकळायच्या का? रेडिएटरच्या 'पोळ्या'ची गोष्ट

घाटात गाडी उकळली की बॉनेट उघडून पाणी ओतायचं, हे दृश्य आता क्वचितच दिसतं. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात मात्र श्रीमंतांच्या गाड्यांचीही यातून सुटका नव्हती.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी इंजिनाची उष्णता घेऊन वाफ होऊन उडून जाई. १८८८ मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्टझहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत त्यांना पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. इंजिनं लहान होती तोवर हे खपून गेलं. ताकद वाढू लागली तशी अडचण आली. पाण्याचं पिंप किती मोठं वाहणार?

यावर खरा तोडगा काढला तो विल्हेल्म मायबाख यांनी. एमिल येलिनेक या धनाढ्य ग्राहकासाठी डाइमलर कंपनीने बनवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मोटारीत (हिला येलिनेकच्या मुलीचं नाव मिळालं, मर्सिडीज) त्यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या डाग देऊन एकत्र जोडलेल्या. नळ्यांतून वारा, भोवतीच्या फटींतून पाणी. वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग इतका वाढला की पाणी जेमतेम नऊ लिटर पुरे झालं. आधीच्या रेडिएटरला त्याच्या दुप्पट लागायचं. मागे छोटा पंखाही होता. चढावर गाडी रांगत असते, समोरून वारा येत नाही आणि इंजिन मात्र पूर्ण जोर लावत असतं. पंखा लागतो तो तिथेच. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने बाकीच्यांना मागे टाकलं.

पुढची सुधारणा उलट्या बाजूची: इंजिन गरजेपेक्षा थंडही राहू नये. कॅडिलॅकच्या व्ही-८ मध्ये थर्मोस्टॅट आला, तर रोल्स-रॉइसच्या फँटम-३ मध्ये रेडिएटरची झडपं तापमानानुसार आपोआप उघडत-मिटत.

आज अशी गाडी रॅलीत तापली, तर लगेच दाबाचं आधुनिक झाकण लावायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. दाबामुळे पाणी उशिरा उकळतं हे खरं, पण ही जुनी पितळी जोडकामं बहुतेक बिनदाबाच्या वापरासाठी केलेली असतात. डाग सुटले तर दुरुस्ती महागात पडते. आधी आतला क्षार आणि गाळ काढावा, पट्टा नि पंप बघावा. ठिणगी उशिरा पडत असेल तरी इंजिन तापतं, आणि दोष मात्र बिचाऱ्या रेडिएटरवर जातो.