पंगतीची गोडी

कैरीची डाळ, गारेगार पन्हे आणि मागाहून भजन! चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपण साऱ्याजणी एका सतरंजीवर बसतो. पण हे साधे सुख आपल्या रत्नागिरीत एके काळी किती दुर्मिळ होते!

१९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने येथे पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींच्या हिंदूंना त्याचे दार मोकळे झाले. तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी सहभोजने घडवून आणली. १९३३ साली अखिल हिंदू उपहारगृहही निघाले. एकत्र बसून घोटभर चहा पिण्यासाठी केवढा हा खटाटोप!

आमच्या आजेसासूबाई त्या वेळी नव्या नवऱ्या होत्या. बायकांच्या सहभोजनाला त्या गेल्या नाहीत. "जावंसं फार वाटलं गो, पण छाती झाली नाही," असे त्या म्हातारपणी सांगत.

तेव्हा मला हसू आले होते. पण अगदी परवापर्यंत माझ्याही घरी कामाच्या बाईंचा कप निराळाच होता. यंदा तो मी काढून टाकला. आता दुपारी रेडिओवरची गाणी ऐकत आम्ही दोघी एकत्र चहा घेतो. चहा तोच, पण गोडी वाढली आहे.