जेट बंद पडली, विमानं उडत राहिली

लोकलमध्ये उभे असाल तर वरची कडी नीट धरा, इअरफोन सांभाळा आणि ऐका. आजचा भाग एका बंद पडलेल्या विमान कंपनीबद्दल आहे. जेट एअरवेज. ती बंद पडली तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण शाळेत असतील. काही जण तिच्या विमानात कधी बसलेही नसतील. तरी ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या एखाद्या सोसायटीत विचारून बघा. 'आमच्या मजल्यावरचे एक जण जेटमध्ये होते' असं सांगणारं कुणीतरी सापडेलच.

मी विमानवेडा आहे, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. आमच्यासारखी मंडळी कुर्ल्याला जरीमरीच्या टेकडीवर जाऊन डोक्यावरून उतरणारी विमानं बघतात आणि त्यांचे नोंदणी क्रमांक वहीत लिहून घेतात. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाचा क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो. जेटच्या बहुतेक विमानांना पुढे 'जे' असायचा. गडद निळा आणि सोनेरी रंग, शेपटीवर उडता सूर्य. लांबूनही ओळखू यायचं.

जेटच्या आठवणी काढायला बसलो की आम्ही विमानवेडे याच गोष्टींवर बोलतो. रंग, शेपटी, इंजिनाचा आवाज. आज मला वेगळा प्रश्न विचारायचाय. विमान कंपनी मेली की विमानांचं काय होतं? आणि माणसांचं काय होतं? या दोन प्रश्नांची उत्तरं एकदम वेगळी आहेत, आणि मला वाटतं जेटचा खरा इतिहास त्या फरकात आहे.

पण आधी थोडं मागे जाऊ. १९५३ मध्ये सरकारने विमान वाहतूक ताब्यात घेतली. परदेशी जायचं तर एअर इंडिया, देशात फिरायचं तर इंडियन एअरलाइन्स. जवळपास चाळीस वर्षं हाच मामला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दार किलकिलं झालं आणि खासगी कंपन्यांना 'एअर टॅक्सी' म्हणून परवानगी मिळाली. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, आणि ५ मे १९९३ ला जेट. सुरुवातीला जेटकडे विमानं होती चार, बोइंग ७३७, तीही भाड्याची. हा 'भाड्याची' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९४ मध्ये जुना कायदा गेला आणि खासगी कंपन्यांना नियमित वेळापत्रकाने उडता येऊ लागलं. पण नव्वदचं दशक संपायच्या आत ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त सगळ्या संपल्या होत्या. जेट टिकली. वेळेवर सुटणारं विमान, गरम जेवण, नीट बोलणारे कर्मचारी. सरकारी सेवेची सवय असलेल्या प्रवाशाला याचं भारी अप्रूप होतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. कंपनीचं मुख्यालय अंधेरीत, सहारच्या विमानतळाला लागून. एअरलाइन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पायलट आणि केबिन क्रू येतात. पण एक विमान हवेत जायचं तर चेक-इन काउंटर, सामान, देखभाल, माल वाहतूक, हिशोब, प्रशिक्षण असे कितीतरी विभाग लागतात. ही नोकरी करणाऱ्या सगळ्यांना अंधेरीत घर कुठून परवडणार? मग डोंबिवली, कल्याण, बदलापूर. घाटकोपरची मेट्रो सुरू झाली जून २०१४ मध्ये. त्याआधी सहार गाठायचं म्हणजे घाटकोपर किंवा कुर्ल्याला उतरा, पुढे बस किंवा रिक्षा. सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलला जायचं तर दादरला गाडी बदला आणि पार्ल्याला उतरा. विमानतळ चोवीस तास चालतो, लोकल नाही. मधल्या काही तासांत ड्युटी आली की कंपनीच्या गाडीची वाट बघा. विमानाला दिल्लीला पोचायला दोन तास, आणि कल्याणहून विमानतळावर पोचायलाही जवळपास तेवढेच. हा विनोद नाही, हिशोब आहे.

हे सगळं सोसायचं कारण सरळ होतं. एअरलाइनची नोकरी म्हणजे इभ्रत. शिवाय कर्मचाऱ्यांना सवलतीत तिकिटं मिळतात. ज्या घरात आधी कुणी विमानात बसलं नव्हतं, त्या घरातल्या आई-वडिलांचा पहिला विमानप्रवास अशा तिकिटावर व्हायचा.

जेट वाढत गेली. २००४ मध्ये चेन्नई ते कोलंबो हे तिचं पहिलं परदेशी उड्डाण झालं. पुढच्या वर्षी लंडन. २००७ मध्ये बोइंग ७७७ आली. पहिल्या वर्गात दार लावून घेता येईल अशा छोट्या खोल्या. विमानवेड्यांसाठी हा सुवर्णकाळ. पण त्याच वर्षी जेटने एअर सहारा विकत घेतली, १४५० कोटी रुपयांना, आणि ते ओझं पुढे अनेक वर्षं वाहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, इंडिगो सुरू झाली होती. जेवण नाही, बडेजाव नाही, तिकीट स्वस्त. प्रवासी तिकडे वळायला लागले.

ऑक्टोबर २००८ ची गोष्ट तुमच्या आई-बाबांना नक्की आठवेल. जगभर मंदी होती. जेटने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना कमी करायचं ठरवलं. त्यात तरुण केबिन क्रू मोठ्या संख्येने होता. गणवेशातली रडणारी मुलं-मुली सगळ्या चॅनेलवर दिसली. काही जण राज ठाकरे यांना भेटले, वातावरण तापलं, आणि एक-दोन दिवसांतच अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा वाटलं, जिंकलो. आज मागे वळून बघताना मला ती पहिली घंटा वाटते. कंपनी किती ताणली गेलीय, हे त्या दिवशी उघड झालं होतं.

२०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहादने २४ टक्के हिस्सा घेतला आणि थोडा श्वास मिळाला. मग २०१८ मध्ये इंधन महागलं आणि रुपया घसरला. इंधन आणि विमानांचं भाडं, दोन्ही डॉलरवर चालतं. पगार उशिरा व्हायला लागले, मग थांबले. भाडं थकलं म्हणून विमानं एकेक करून जमिनीवर उभी राहिली. मार्च २०१९ मध्ये गोयल पायउतार झाले. बँकांनी तातडीचे पैसे द्यायला नकार दिला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला येणारं शेवटचं विमान निघालं. कंपनीने शब्द वापरला होता 'तात्पुरती स्थगिती'.

आता तो 'भाड्याची' शब्द परत काढू. एअरलाइनचं नाव विमानावर रंगवलेलं असतं, पण विमान बहुधा तिचं नसतं. मालक दुसरीच कंपनी असते, अनेकदा आयर्लंडमधली. करार करतानाच एअरलाइन एक कागद सही करून देते: आम्ही भाडं थकवलं, तर आम्हाला न विचारता विमानाची नोंदणी रद्द करून घ्या. मालकाने तो कागद नागरी विमान महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, दिला की काही दिवसांत 'व्हीटी' हा क्रमांक पुसला जातो आणि विमान देशाबाहेर न्यायला मोकळं होतं. जेटच्या बाबतीत हेच झालं. अनेक ७३७ तर देशाबाहेर गेलीच नाहीत, ती स्पाइसजेटने घेतली. गंमत बघा, स्पाइसजेट २००५ मध्ये उभी राहिली ती मेलेल्या मोदीलुफ्तच्या परवान्यावर. विमानतळावरच्या जेटच्या वेळा, म्हणजे स्लॉट, तेही सरकारने दुसऱ्या कंपन्यांना वाटून दिले.

म्हणजे विमानांना नवा रंग मिळाला, वेळांना नवे मालक मिळाले. सगळं पटापट झालं.

आणि माणसं? जून २०१९ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली कंपनी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, गेलं. एका गटाने जेट पुन्हा चालवायची योजना दिली आणि २०२१ मध्ये ती मंजूर झाली. मे २०२२ मध्ये तर जेटचं विमान चाचणीसाठी पुन्हा आकाशात गेलं. खरं सांगतो, आम्हा विमानवेड्यांच्या अंगावर काटा आला होता. पण पैशांवरून बँका आणि तो गट यांच्यात वाद चालूच राहिला. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. म्हणजे जे उरलंय ते विका आणि देणी द्या. शेवटच्या उड्डाणानंतर साडेपाच वर्षांनी.

देणी द्यायची रांग कायद्याने ठरलेली आहे, आणि ती प्रत्येक नोकरदाराने समजून घ्यावी अशी आहे. आधी या प्रक्रियेचाच खर्च. मग तारण असलेल्या बँका, आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची मागच्या चोवीस महिन्यांची थकबाकी. त्यानंतर बाकीचे कर्मचारी, आणि त्यांचे फक्त बारा महिने. सरकार त्याच्याही मागे, शेअरवाले सगळ्यात शेवटी. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा जमा निधी मात्र या रांगेत येत नाही, तो कर्मचाऱ्यांचाच. म्हणून पीएफ खरंच भरला जातोय का, हे ॲपवर दर महिन्याला बघत जा. आपला कुठलाही नोकरीचा भाग असो, हा सल्ला फुकट.

शेवट वेगळाही होऊ शकतो. त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विस्तारा हे नावही संपलं. पण ती एअर इंडियात विलीन झाली. नाव गेलं, विमानं आणि माणसं बरोबर गेली. आणि त्याच वर्षी २२ एप्रिलला एअर इंडियाचं शेवटचं जम्बो, बोइंग ७४७, मुंबईहून अमेरिकेला निघालं, सुटे भाग काढण्यासाठी. १९७१ पासून ज्या विमानांच्या खिडक्यांवर झरोके रंगवलेले असायचे, त्या परंपरेतलं हे शेवटचं. वैमानिकांनी निरोपाला पंख हलवले. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. आम्ही सगळ्यांनी शेअर केला, डोळे पुसले.

एका निवृत्त विमानाला असा निरोप मिळाला, याचा मला आनंदच आहे. पण जेटच्या हजारो लोकांना निरोप समारंभ झालाच नाही. 'तात्पुरती स्थगिती'ला निरोप कसा देणार? काही जण दुसऱ्या एअरलाइनमध्ये कमी पगारावर गेले. वर्षभरात कोविड आला आणि तिथेही विमानं उभी राहिली. काहींनी क्षेत्रच सोडलं.

म्हणून आम्हा विमानवेड्यांना माझं सांगणं आहे. क्रमांक लिहा, फोटो जपा, पण त्या विमानाभोवती काम करणारी माणसंही नोंदवा. ती कुठल्या संग्रहालयात नाहीत, आपल्याच पट्ट्यात आहेत. तुमच्या ओळखीत जेटचं कुणी असेल तर त्यांना कंपनी का बुडाली हे विचारू नका, ते सांगून कंटाळलेत. त्यांचं काम काय होतं ते विचारा. विमान अर्ध्या तासात परत कसं सोडायचं, धुक्यात अडकलेल्या दोनशे प्रवाशांना शांत कसं करायचं. परवानगी असेल तर फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. त्यांच्याच आवाजात एक भाग करायचा आहे.

नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालंय. आपल्या भागातली कितीतरी मुलं आता तिथे गणवेश घालतील. त्यांना हा इतिहास माहीत असलेला बरा.

चला, तुमचं स्टेशन आलं असेल. भेटू पुढच्या भागात.