आधी हिशेब, मग काम : राळेगणसिद्धीची बांधकामे, पाणी आणि वीज

इमारत जमिनीवर उभी राहण्याआधी ती संगणकात उभी करायची आणि कामाचा क्रम, खर्च, विजेची गरज तिथेच पडताळायची, ही पद्धत आता बांधकाम क्षेत्रात रुळली आहे. अमेरिकेतील वास्तुतज्ज्ञ चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 मध्ये कागदी नकाशांऐवजी संगणक वापरण्याचा विचार मांडला. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोने या पद्धतीचे पाच मितींचे रूप वापरले : लांबी, रुंदी आणि उंचीला वेळापत्रक व खर्च जोडलेला. प्रारूपात खांबाची जाडी बदलली की काँक्रीटचे माप आणि त्याचा खर्च बदलतो, आणि पुढच्या कामाची तारीख सरकते का हेही तपासता येते.

त्याच 1975 मध्ये पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत हाच हिशेब वेगळ्या साधनांनी सुरू झाला. सैन्यातून गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला. या मंदिराचे लाकूड दारूच्या भट्ट्यांना सरपण म्हणून गेले होते. हजारे यांनी स्वतःजवळचा पैसा घातला आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले. अशा कामात मजुरी अंदाजपत्रकातून वजा होते आणि रोख रक्कम विकत आणायच्या मालासाठी उरते. पुढे गावातल्या शाळेची उभारणीही लोकसहभागातून झाली.

गावाचे खरे कौशल्य मात्र पाण्याच्या कामांत दिसते. राळेगण पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. पाऊस कमी, उतार उघडे आणि विहिरी उन्हाळ्यात कोरड्या. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी चालवलेल्या पाणी पंचायतीच्या कामाचा हजारे यांच्यावर प्रभाव पडला. पाणलोटात कामाचा क्रम चुकवून चालत नाही. माथ्यावर समतल चर, उतारावर झाडे व गवत, ओघळीत दगडी बांध, आणि शेवटी नाल्यात बंधारा किंवा पाझर तलाव, असे माथ्याकडून पायथ्याकडे यावे लागते. वरचा उतार उघडा ठेवून खाली बंधारा घातला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो आणि त्यावरचा पैसा मातीत जातो. चर पावसाआधी खणून व्हावे लागतात, त्यामुळे वेळापत्रक मृग नक्षत्राच्या अलीकडेच संपवावे लागते. सुरुवातीच्या पाझर तलावाला गळती होती. गावकऱ्यांनी ती बुजवली, तेव्हा खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. या एका दुरुस्तीने गावाचा विश्वास जितका बसला, तितका कुठल्याही भाषणाने बसला नसता. साठलेले पाणी पुरावे म्हणून उसासारखी जास्त पाण्याची पिके न घेण्याचे ठरले. बांधकाम जितके महत्त्वाचे, तितकाच त्यानंतरचा हा निर्णय.

ऊर्जेकडेही गाव लवकर वळले. गोबरगॅस आणि सौर पथदिवे आले. त्यापुढचा टप्पा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा. 2017 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली गेली. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला अंधारात, विंचूकाट्याच्या भीतीत बारे धरायला जावे लागते. सौर पॅनल दिवसाच वीज देतात, आणि शेतीपंपही दिवसा चालवता येतात. उत्पादन व वापर यांची वेळ जुळली की साठवणुकीसाठी महागड्या बॅटऱ्या लागत नाहीत. शेतीची वाहिनी गावठाणाच्या वाहिनीपासून वेगळी असली आणि प्रकल्प उपकेंद्राजवळ उभारला, तर वीज लांबून आणताना होणारी गळतीही घटते. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात प्रकल्पासाठी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ ठरवण्यात आली.