परसातले तळे आणि गोदावरी

मासा पाळून त्याला चारा घालणे ही आपल्याकडे आजकालची गोष्ट नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. जुन्या मराठीच्या खुणा ज्यात सापडतात तोच हा ग्रंथ. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते आणि कोणाला काय चारावे, हे राजाने तेथे सांगितले आहे. 1951 साली प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. आधी मासा ओळखावा, मग चारा घालावा, असा बोध आम्ही त्यातून घेतो.

आजच्या परसातल्या तळ्यासाठी पुष्कळांची नजर जाते ती मांगुरावर. हा बिनखवल्यांचा, मिशाळ मासा. कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेण्याची सोय त्याला निसर्गाने दिली आहे. म्हणून थोड्या व गढूळ पाण्यातही तो तगतो. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, सुक्या मासळीची भुकटी हा त्याचा चारा. तो रात्री हिंडणारा, तेव्हा चारा सायंकाळी आणि बेतानेच घालावा. उरलेला कुजून पाणी नासते.

परंतु मांगूर म्हणून विकला जाणारा प्रत्येक मासा आपला नसतो. मूळचा आफ्रिकेतला, पण 'थाई मांगूर' या नावाने ओळखला जाणारा मासा झपाट्याने वाढतो, कत्तलखान्यातली घाणही खातो आणि इतर माशांचा फडशा पाडतो. लहानपणी तो देशी मांगुरासारखाच दिसतो. केंद्र सरकारने 2000 साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. तरीही तो चोरून पाळला जात राहिला, म्हणून 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाला पुन्हा आदेश द्यावे लागले.

इतकी कठोरता कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच अनुभवात आहे. 1952 साली तिलापिया हा परदेशी मासा भारतात आणला गेला. हेतू चांगला होता: गरिबाला स्वस्त मासा मिळावा. पण तो तळ्यात राहिला नाही. आज उजनीच्या जलाशयात 'चिलापी' या नावाने तो नांदत आहे. एकदा वाहत्या पाण्यात गेलेला मासा कोणत्याही हुकुमाने परत येत नाही.

नाशिककरांना हे अधिक सांगावयास नको. 2008च्या सप्टेंबरात आणि 2016च्या 2 ऑगस्टला गोदावरी बाजारपेठेत शिरली, ती कोणाच्या परवानगीने? अशा दिवशी काठालगतचे तळे आणि नदी एकच होतात. शिवाय मांगूर ओल्या जमिनीवरून सरपटत बाहेर पडू शकतो. येथून सुटलेल्या माशाला पैठणच्या नाथसागराची वाट मोकळी आहे, आणि तेथे जाळे टाकून पोट भरणाऱ्या कोळी-भोई कुटुंबांना आपल्या हौसेची किंमत मोजावी लागेल.

म्हणून तळे अवश्य करावे. पण पुराच्या रेषेपासून दूर, काठ उंच बांधून, वर जाळी घालून. बीज घ्यावे ते खात्रीच्या, शक्य तर सरकारी केंद्रातून, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला दाखवून. तळे आपल्या परसात असले, तरी त्याच्या काठापलीकडे गोदामाईचे पाणी आहे आणि त्यावर पुष्कळांचा संसार चालतो.